लोकरीच्या विणीचे वाचन

(महिला शाखेच्या संक्रांत मेळाव्यात केलेले भाषण)



लोकरीच्या विणकामावर दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आम्हांस आज्ञा झाली. ज्या गिरगावात थंडी चार पहाटेंपुरतीच पाहुणी येते, तेथे हा विषय कशाला, असा प्रश्न काही बंधूंच्या मुद्रेवर आम्हांस येथूनही वाचता येतो. तथापि आपल्या घरांतील बाळंतविडा अद्यापि लोकरीच्या टोपड्यावाचून पुरा होत नाही. आणि आता तर आपली कितीतरी नातवंडे बर्फाच्या मुलखात जन्म घेतात.

आमच्या आत्याबाई विणकामात निष्णात होत्या. १९६२ साली चीनशी युद्ध पेटले आणि देशभर स्त्रिया जवानांसाठी स्वेटर, मफलर विणू लागल्या, तेव्हा चाळीच्या गॅलरीत बसून त्यांनीही लोकरीचे गुंडेच्या गुंडे संपविले होते. त्यांच्या पश्चात त्यांची एक वही आमच्याकडे आली. तीत विणींची टाचणे होती. भाचीला मुलगी झाली, तेव्हा त्या वहीतले टोपडे आपण विणावे, असा आम्ही संकल्प सोडला.

वहीत लिहिले होते : सुया नं. १०, टाके ८४. भाचीने अमेरिकेहून धाडलेल्या सुयांवरही १० हाच आकडा होता. तेव्हा शंका घेण्याचे आम्हांस कारणच वाटले नाही. टोपडे तयार झाले ते बाळाच्या नव्हे, भोपळ्याच्या मापाचे! आत्याबाईंची १० नंबरची सुई जुन्या इंग्रजी मापाची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची. अमेरिकेतील १० नंबरची सुई भरते सहा मिलिमीटर. शिवाय जुन्या इंग्रजी मापात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत वाढत्या आकड्याबरोबर ती जाड होते. म्हणून नंबरावर विसंबू नये, मिलिमीटर पाहावे.

या फजितीनंतर आम्ही ती वही एखाद्या पोथीप्रमाणे वाचावयास बसलो. ‘सु.’ म्हणजे सुलट, ‘उ.’ म्हणजे उलट, ‘२ ए.’ म्हणजे दोन टाके एकत्र, ‘दो. पु.’ म्हणजे दोरा पुढे. इंग्रजी पानावरील के आणि पी ही अक्षरे तरी दुसरे काय सांगतात? सुलट आणि उलट, एवढेच. वस्तुतः हे टाकेही दोन नव्हेत. इकडून सुलट दिसणारा टाका तिकडून उलट दिसतो. सुलट टाका गव्हाच्या ओंबीतील दाण्यांसारखा, उलट टाका आडव्या मण्यासारखा. हे ओळखता आले की ‘परतीची सुई दिसेल तशी विणावी’ या वाक्याचे भय उरत नाही.

आमच्या मराठीत मात्र एक खोच आहे. ‘एक सुलट, एक उलट’ असे कोणी सांगितले, तर एक टाका की एक सुई, हे आधी विचारून घ्यावे. टाक्याआड टाका बदलला तर मनगटाची ताणणारी पट्टी होते; सुईआड सुई बदलली तर स्वेटरची सपाट पाठ. (विणणे हा शब्दही असाच दुहेरी. परळ-लालबागच्या ज्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या, त्यांतील माग उभ्या-आडव्या सुतांचे कापड विणीत. आपली लोकर एकाच धाग्याचे फास फासांत ओवते. म्हणून एक टाका निसटला की खालचा सारा जिना उसवतो.)

दोन फुल्यांमधील मजकूर पुन्हापुन्हा विणावयाचा असतो. फुल्यांत २ सुलट, २ उलट असतील, तर टाक्यांच्या संख्येस चाराने भाग जावा; ८४ टाक्यांत हा क्रम २१ वेळा येईल. टाके उरले, तर चूक सुईवर शोधावी. पानास बोल लावू नये. जाळीच्या विणीत दोरा पुढे घेतला की एक टाका वाढतो आणि दोन एकत्र केले की एक घटतो. हा जमाखर्च सामान्यतः त्याच सुईत मिटतो.

हाताची ओढ हा प्रत्येकीचा स्वभावच म्हणावा. पानावर दहा सेंटिमीटरांत २२ टाके सांगितले असतील आणि आपल्या घट्ट हाताने २४ बसत असतील, तर शंभर टाक्यांची पाठ साडेपंचेचाळीसऐवजी बेचाळीसहूनही कमी भरते. पुढचा भाग धरून स्वेटर साडेसात सेंटिमीटरांनी आखूड! म्हणून आधी एक चौकोनी तुकडा विणून मोजावा. आम्हीही हा तुकडा विणण्याचा कंटाळा केला होता, हे येथे कबूल करतो.

आणखी एक. सारे पान आधी शेवटपर्यंत वाचावे. मुंढ्याचे टाके घटविण्याची कृती अर्धे पान सांगून झाल्यावर लेखक हळूच म्हणतो, ‘त्याच वेळी गळ्यास आरंभ करावा’. तोवर आपण गळा ओलांडून खांद्यापर्यंत पोहोचलेलो असतो.

इतके शिकून आम्ही टोपडे पुन्हा विणले, आणि ते बरोबर झाले. मग पायमोजा घेतला. घोट्यापर्यंतच्या साऱ्या सुया वहीत मोजून लिहिलेल्या आहेत. त्यापुढे एकच ओळ : ‘टाच नेहमीप्रमाणे.’ पुढील ओळीत एकदम पाऊल.

ही नेहमीची टाच कोणती, हे आत्याबाईंना लिहिण्याची गरज वाटली नाही. कारण त्यांच्या गॅलरीतील प्रत्येकीस ती येत होती. छापील पुस्तकांत टाचेच्या अनेक रीती आम्ही पाहिल्या. एकही वहीतील पावलाच्या टाक्यांशी जुळेना. आत्याबाईंनी विणलेला एकही पायमोजा आज घरात शिल्लक नाही. मोजे ते, झिजले, गेले.

या सभेत सत्तरी ओलांडलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना त्या काळची टाच हाताने येत असेल, तोंडाने सांगता आली नाही तरी चालेल, त्यांनी तिळगूळ झाल्यावर कृपया पाच मिनिटे थांबावे. चार सुया, लोकर आणि घोट्यापर्यंत विणलेला पायमोजा आम्ही पिशवीत घेऊन आलो आहोत. शेजारी बसून आम्ही एकेक टाका लिहून घेऊ.