पदवी आणि उमेदवारी
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं कोपरखैरण्याच्या तरुणांविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही वक्ते नव्हों. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ठाणें-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यांत वर्षभर उमेदवारी केलेलीं आम्ही माणसें. तेव्हां जें पाहिलें व केलें तेंच सांगणें आम्हांस शोभेल.

आपली वस्ती कशी वाढली हें येथील वडील मंडळींस सांगावयास नको. खाडीकांठचें जुनें गांव, मिठागरें व भातखाचरें. रस्त्यापलीकडे महापे-पावणे भागांत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. आणि १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यावर आंखलेलीं हीं सेक्टरें. २००४ सालीं ठाणें-वाशी मार्गावर आगगाडी धांवूं लागली. मध्यंतरीं या पट्ट्यांतील कांहीं रासायनिक कारखाने बंद पडले व संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तथापि पंप, झडपा, बॉयलर यांचें काम येथें अजून चालतें, आणि आपल्या पुष्कळ पदवीधर मुलांचें पहिलें पाऊल तेथेंच पडतें.

"मुलगा इंजिनियर झाला, मग पुनः मिस्त्रीच्या हाताखालीं कशाला?" हा प्रश्न आम्हांस घरोघरीं विचारण्यांत येतो. आम्हांस त्याचें उत्तर एका पंपापाशीं मिळालें. थंड पाणी फिरविणारा हा पंप एके सकाळीं असा आवाज करूं लागला कीं, जणूं त्याच्या पोटांत कोणी मूठभर खडी टाकली आहे. शोषणाच्या बाजूस दाब फार उतरला म्हणजे पाण्याची जागच्या जागीं वाफ होते, तिचे बुडबुडे पुढें दाबाच्या जागीं फुटतात व पंख्याच्या धातूस खड्डे पाडतात, हें आम्हांस कॉलेजांत शिकविलें होतें. त्याचें गणितही आम्हीं परीक्षेंत सोडविलें होतें. परंतु तो आवाज कानांनीं कधीं ऐकला नव्हता. आमचे फिटर वयस्क गृहस्थ होते. त्यांनीं एका लांब पेचकसाचें टोंक बेअरिंगच्या घरावर टेकलें, मूठ कानास लावली, क्षणभर ऐकलें आणि म्हणाले, "इंजिनियरसाहेब, बेअरिंग चांगली आहे. शोषणनळीची जाळी बघा." जाळी उघडली तों ती गाळानें भरलेली! ती धुऊन बसवितांच पंप शांत झाला.

येथवर गोष्ट ऐकून कोणी म्हणेल कीं, मग पदवीचा उपयोग काय? तर पुढें ऐकावें. दुसऱ्या दिवशीं त्याच फिटरदादांनीं आम्हांस विचारलें, "आवाज होण्याअगोदर हें कळण्याची कांहीं सोय आहे का?" तें काम मात्र आमचें होतें. जाळीच्या दोन्ही बाजूंस दाबमापक बसविले, रोज दोन आंकडे वहींत टिपले, आणि किती फरक पडला म्हणजे जाळी काढावी तें गणितानें ठरविलें. त्या वहीनंतर "इंजिनियरसाहेब" या शब्दांतील थट्टा पुष्कळच कमी झाली. आमच्या तुकडींत दोन मुली होत्या. त्यांनींही तो पंप आपल्या हातांनीं खोलला, हें येथें बसलेल्या मातांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें.

वर्ग आणि कारखाना यांची ही सांगड कांहीं नवी नव्हे. जमालपूरच्या रेल्वे कारखान्यांत १९२७ सालापासून निवडक तरुणांस याच रीतीनें अधिकारी करीत. इंग्लंडांत २०१५ सालापासून पदवी व उमेदवारी एकत्र देऊं लागले. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. १९७३ च्या दुरुस्तीनें त्यांत पदवीधर व पदविकाधारक इंजिनियरही आले.

आतां पैशाची गोष्ट. ती टाळून चालणार नाहीं. २०१४ च्या अखेरीस पदवीधराचें किमान विद्यावेतन दरमहा ४,९८४ रुपये ठरलें. २०१९ च्या नियमांनीं तें ९,००० झालें. मुंबईच्या दारीं राहून एवढ्यांत भाडें व खाणावळ भागविणें कठीण, हें आम्ही अनुभवानें सांगतों. शिवाय कायदा उमेदवारास शिकणारा मानतो, कामगार नव्हे. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. परंतु वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असें बंधन नाहीं. २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणें याविषयींचें धोरण ज्या त्या मालकानें ठरवावयाचें असतें. आम्हां बारा जणांपैकीं तिघांसच तेथें नोकरी मिळाली.

आठव्या महिन्यांत एका ठेकेदारानें दुप्पट पैसे देऊं केले, तेव्हां आमच्यांतील दोघे निघून गेले. एकाच्या घरीं बहिणीचें लग्न होतें. त्याला दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. ठेका चार महिन्यांत संपला, आणि त्याच्या हातीं ना प्रमाणपत्र राहिलें, ना काम. पुढें मुलाखतींत तें वर्ष कोठें गेलें असें विचारीत, तेव्हां त्यास सांगण्यासारखें कांहीं नव्हतें.

उलट, दुसऱ्या एका कारखान्यांतील आमच्या एका मित्रानें वर्ष पुरें केलें. पण त्याला बाराही महिने गोदामांत खोकीं मोजावयास बसविलें. पाळी पुरी, विद्यावेतन वेळेवर, अखेरीस प्रमाणपत्रही. मात्र यंत्रास त्याचा हात एकदांही लागला नाहीं. याला उमेदवारी म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. ही स्वस्तांतली मजुरी होय, आणि सुशिक्षित आईबापांनीं तिला विद्यावेतनाच्या नांवाखालीं भुलूं नये.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. शिकविणारा माणूस कोण, त्याचें नांव काय? कोणत्या महिन्यांत कोणत्या विभागांत काम? आणि मागील वर्षाच्या उमेदवारांपैकीं किती जण तेथें राहिले? पहिल्या दोहोंचें उत्तर न देणारा कारखाना विद्यावेतन कितीही देवो, आम्ही आपल्या भावाला तेथें पाठविणार नाहीं. करार सरकारदरबारीं नोंदला गेला कीं नाहीं, हेंही पाहावें. पदवीधरांसाठीं पश्चिम विभागाच्या उमेदवारी मंडळाची कचेरी मुंबईंत शीव येथें आहे.

करारांतील भाषा इंग्रजी व क्लिष्ट असते. ज्यांच्या मुलामुलींस यंदा असा कागद आला असेल, त्यांनीं तो रविवारीं मिस्सानंतर घेऊन यावा. आम्ही तिघेचौघे ओसरीवर बसूं आणि ओळीनें वाचून अर्थ सांगूं. सहीची घाई तोंवर करूं नये.