आधी माप, मग भांडण



'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. पण जुने घर दुरुस्त करून पाहणे त्याहून अवघड. नवे घर बांधताना माणसे दुसरीकडे राहत असतात. दुरुस्तीत ती त्याच घरात असतात. भांडी आणि अंथरुणे या खोलीतून त्या खोलीत फिरतात, पिण्याच्या पाण्यात सिमेंटची धूळ जाते. ठेकेदार काम अर्ध्यावर टाकून गेला, तर त्या उघड्या विटा-चिऱ्यांतच दिवस काढावे लागतात. अशी वेळ आली तर काय करावे, एवढेच आज बोलायचे आहे.

सगळे ठेकेदार लबाड असतात, असे मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या महाड-पोलादपूरकडे चिऱ्याचे काम करणारे असे गवंडी आहेत, की ओळंबा जरा हलला तर बांधलेला थर स्वतःच उतरवतात. पण संकट आले की कामे एकदम वाढतात, गवंडी मिळेनासे होतात आणि त्या गर्दीत भलती माणसेही ठेकेदार होतात. २२ जुलै २०२१ च्या पुराने तेच केले. सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला माणूस मिळेना, मग गिलावा करायला कोठून मिळणार?

माझी थोरली बहीण चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. यजमान गेल्यापासून ती घरात एकटीच असते. पुरात मागची भिंत खचली, तळमजल्याचा गिलावा फुगला, फरशी पोकळ झाली. दिवाळीनंतर तिने एका ठेकेदाराशी व्यवहार केला. मागची भिंत चिऱ्यात नव्याने उचलायची, आतून अकराशे चौरस फूट गिलावा, फरशी आणि विजेची बटणे वर घ्यायची, असे सारे मिळून ३ लाख २० हजार. ताईने करारपत्राचे नाव काढले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, मी घरचाच माणूस. घरच्या माणसाकडून कोणी कागद घेतो का?" मग भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटून त्याने पाठीमागे आकडे लिहिले आणि खाली तारीख टाकली.

जानेवारीअखेर त्याने २ लाख १० हजार उचलले होते. त्यानंतर तो येईनासा झाला. फोन केला की "माल महागला, आणखी पन्नास हजार द्या, मग बघू." इकडे नव्या गिलाव्यावर पांढरी पूड फुटू लागली. आपण लोणा म्हणतो तो. नखाने खरवडले तरी वाळू गळत होती.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ठेकेदाराच्या दारात जाऊन तावातावाने भांडतात, नाहीतर 'जाऊ दे, आपले नशीब' म्हणून गप्प बसतात. भांडणाचा राग दोन दिवसांत ओसरतो. गप्प बसण्याची सवय मात्र पुढच्या दहा घरांना महागात पडते, कारण तोच माणूस तीच युक्ती घेऊन शेजारच्या आळीत जातो.

पोलिसांकडे जावे, असेही शेजाऱ्यांनी सुचवले. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दिलेला शब्द मोडला म्हणजे फसवणुकीचा गुन्हा झाला, असे कायदा मानत नाही. फसवण्याचा हेतू अगदी पहिल्या दिवसापासून होता, हे दाखवावे लागते. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे ४२० कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ कलम आहे. अर्धवट कामाचे बहुतेक तंटे त्यात बसत नाहीत. ते दिवाणी स्वरूपाचे ठरतात.

मग दाद कोठे मागायची? ग्राहक आयोगाकडे. मोबदला घेऊन घर बांधून देणे ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगितले. आता २०१९ चा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. रायगडचा आयोग अलिबागला आहे. महाडहून जाऊन यायचे म्हणजे एक दिवस मोडतो, पण तक्रार आता 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. हवाच असेल, तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

पण श्रोतेहो, खरी अडचण कायद्याची नव्हती. ती पावसाची होती. मार्च उजाडला होता. मागची भिंत छातीइतकीच उचललेली. ती तशीच ठेवावी, तर जूनमध्ये पाणी थेट माजघरात येणार. दुसऱ्या गवंड्याकडून काम पुरे करून घ्यावे, तर वाईट कामाचा पुरावाच पुसला जाणार. मग ठेकेदार म्हणायला मोकळा, "माझे काम उत्तम होते, यांनीच ते तोडले." पुरावा जपावा की घर जपावे? दुरुस्तीच्या पुष्कळ तक्रारी येथेच अडकतात.

यातून वाट आहे. कामाला हात लावण्याआधी आम्ही एका परवानाधारक अभियंत्याला बोलावले. त्याची तारीख ठेकेदाराला आठ दिवस आधी लेखी कळवली. 'अमुक दिवशी, अमुक वाजता मोजमाप होईल, आपण हजर राहावे,' एवढाच मजकूर. तो आला नाही. पण त्याला बोलावले होते, याची पोच आमच्याकडे राहिली. मोजणीत गिलावा अकराशेऐवजी ६४० चौरस फूट भरला. फरशीला हातही लागला नव्हता. प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढला. अंगणात उरलेल्या वाळूचा नमुना दोन शेजाऱ्यांसमोर पिशवीत बांधून, सह्या घेऊन तपासणीला पाठवला.

त्या वाळूचा पुढे उपयोग झाला. लोणा पुरामुळे आला, असे ठेकेदाराचे म्हणणे पडले. ते ऐकायला पटण्याजोगे होते. पण पुराचे पाणी घरातल्या सगळ्या भिंतींना लागले होते आणि लोणा फक्त नव्या गिलाव्याला होता. अंगणातली वाळू खारट निघाली. खाडीची वाळू न धुता वापरली की असे होते. मीठ दमट हवेतले पाणी ओढते आणि भिंतीवर फुटते. गिलाव्यात ते नुसते कुरूप दिसते, पण स्लॅबमध्ये ते सळईला गंज चढवते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडू लागतात. महाडच्या काजळपुऱ्यात २४ ऑगस्ट २०२० रोजी एक पाचमजली इमारत कोसळून सोळा जण दगावले. त्याची कारणे ठरवणे न्यायालयाचे काम. पण गिलाव्याआड काय दडले आहे, हे विचारण्याची भीड आमच्या गावाने त्या दिवसानंतर सोडायला हवी.

हिशेब अगदी साधा मांडला. दिलेले २ लाख १० हजार. चांगले म्हणता येईल असे काम ६६ हजारांचे. ६४० चौरस फूट गिलावा ४५ रुपये दराने २८ हजार ८०० चा, पण तो काढूनच टाकायचा, म्हणून मोजला नाही. उरले १ लाख ४४ हजार. गिलावा काढून राडारोडा वाहण्याचे ९ हजार. मागणी १ लाख ५३ हजारांची. मनस्ताप, धावपळ वगैरेचे मोठे आकडे घातले नाहीत. मग मेमध्ये दुसऱ्या गवंड्याकडून भिंत पुरी केली आणि पावसाळा सुरू झाल्यावर तक्रार दाखल केली.

कॅलेंडरचे ते पान पहिला कागद म्हणून जोडले. अक्षर त्याचे, आकडे त्याचे. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, तो सिद्ध करणे तेवढे कठीण. बँकेतून गेलेल्या रकमांची नोंद, 'उद्या येतो काकू' असे मोबाइलवरचे निरोप, हे सारे त्याला जोडून उभे राहते. पुढे आयोगाच्या मध्यस्थीत १ लाख १० हजारांवर तडजोड झाली, चार हप्त्यांत. पूर्ण पैसे मिळाले नाहीत. पण तडजोड आयोगाच्या दप्तरी नोंदली गेली, म्हणून हप्ते वेळेवर आले. आयोगाचा आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते, हे त्यालाही ठाऊक होते.

आमच्या गावाला या गोष्टीचा एक मोठा वारसा आहे. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत असतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा फारसा कोणी आठवत नाही. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असे सांगत काही सवर्णांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तो लावला होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण तशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. माणुसकीच्या त्या लढ्याशेजारी आमच्या गिलाव्याचे भांडण ठेवणे शोभणार नाही. पण ठासून सांगितलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतला फरक या गावाने तेव्हाच पाहिला आहे.

म्हणून घराचे काम काढताना चार गोष्टी जरूर करा. कामाची यादी, माप आणि दर एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. आगाऊ रक्कम थोडी द्या, पुढचे पैसे झालेले काम मोजून द्या आणि शक्यतो बँकेतून द्या. आलेली वाळू चिमूटभर जिभेला लावून पाहा. नव्या काँक्रीटवर निदान सात दिवस, पोझोलाना सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारले जाते की नाही, याकडे लक्ष ठेवा. काही अडलेच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते.

आणि ठेकेदार कितीही घरचा माणूस असला, तरी शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत हाती राखा, तोही तसे कागदावर लिहून. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे, तो गवंडी त्याला नाही म्हणत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)