नाताळचा केक आणि न उघडलेली बाटली
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला केकवर चार शब्द बोलायला सांगितले आहे. कृती मी सांगणार आहेच, पण तिच्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे. कृती विसरलात तरी चालेल, चूक मात्र लक्षात ठेवा.

माझी सून नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. 2023 च्या उन्हाळ्यात लग्न झाले. जावयाचा दिवाळसण व्याह्यांनी हौसेने केला. तेव्हा मीही म्हटले, नाताळचे जेवण आमच्याकडे नाशिकला.

बोलून बसले आणि पोटात गोळा आला. नाताळ म्हटला की केक हवा, आणि वाइनही हवी, असे माझ्या डोक्यात पक्के बसलेले. माझ्या वडिलांनी दारूपायी घर घालवले. आईच्या पाटल्या गेल्या, मग भांडी गेली. माझ्या संसारात बाटली येणार नाही, असे मी तेव्हाच ठरवले होते. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी म्हटले, पाहुण्यांच्या पानात आपल्यामुळे उणे नको.

आधी केक. डिसेंबरात नागपुरी संत्र्यांचा अंबिया बहार बाजारात असतो. पहिल्या केकला मी साल पांढऱ्या भागासकट किसली आणि वाटीभर रस ओतला. केक कडू झाला आणि मधोमध बसला. सुवास सालीच्या केशरी भागातल्या तेलात असतो. पांढरा भाग कडू. नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून सोलण्याआधीच अलगद किसावी. तीन संत्र्यांचा कीस 200 ग्रॅम पिठीसाखरेत बोटांनी चोळावा. त्यात 200 ग्रॅम लोणी फेसावे, मग चार अंडी एकेक करून घालावी. 200 ग्रॅम मैदा दीड चमचा बेकिंग पावडरीबरोबर चाळून मिसळावा आणि रस फक्त दोन मोठे चमचे. 180 अंशांवर पाऊण तास. सुई कोरडी निघाली की झाला. उरलेल्या रसात थोडी साखर विरघळवून गरम केकवर सोडावी.

आता वाइन. मुलाला घेऊन, पदर सावरत, दुकानात गेले. दुकानदार सज्जन. त्याने विचारले, "कशाबरोबर हवी, काकू?" मी म्हटले, "संत्र्याच्या केकबरोबर." तो म्हणाला, वाइन केकपेक्षा कमी गोड असली तर आंबट लागते, आणि लाल वाइनीचा सालीतून आलेला तुरटपणा संत्र्याशी भांडतो. म्हणून त्याने उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड, पांढरी वाइन दिली. द्राक्षे वेलीवर जास्त दिवस राहिली की त्यांतली साखर वाढते. दिंडोरीकडचे मळे आपण रोज पाहतो, पण ही द्राक्षे आपल्या खायच्या द्राक्षांहून बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात, हे मला त्या दिवशी कळले.

जेवणे झाली. केक कापला. मी बाटली आणून मधोमध ठेवली. माझा हात थरथरत होता. कोणीच बोलेना. मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे तीन पिढ्यांत कोणी घेतलेली नाही, विहीणबाई. काही घरांत चालते, आमच्यात नाही. माझे सासरे तर गावोगाव दारूबंदीवर बोलायचे."

सून एवढेच म्हणाली, "आई, मला विचारायचं होतंत."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला लागले. केकसाठी मी पाच जणींना विचारले. वाइनीसाठी अनोळखी दुकानदाराला विचारले. ज्यांचा सण, त्यांना मात्र विचारले नाही. माझ्या घरात ती मुलगी आठ महिने वावरत होती, आणि मी तिच्या घराविषयी सिनेमात पाहिलेलेच धरून चालले होते.

मी वडिलांची हकीकत सांगितली. सुनेला ती तेव्हा प्रथमच कळली. विहीणबाईंचे डोळे भरले. मग त्याही म्हणाल्या, "मीसुद्धा चुकले. नाताळच्या करंज्या केल्या होत्या, पण आमच्या हातचे तुम्हांला चालेल की नाही म्हणून घरी ठेवल्या आणि विकतचे पेढे आणले."

यावर आम्ही दोघी हसत सुटलो. बाटली न उघडताच मुलाने एका मित्राला दिली. करंज्यांचा डबा चार दिवसांनी आला, आणि मी रिकामा डबा परत पाठवायचा नाही म्हणून त्यात केक भरून पाठवला. तेव्हापासून तो डबा नाशिक आणि नगर यांच्यामध्ये फिरतोच आहे.

केक जरूर करून पाहा. पण पाहुण्यांना काय आवडते ते आधी पाहुण्यांनाच विचारा.