कॉलेजांतील कुंभाराचें चाक

कॉलेज म्हटलें कीं पदवी, परीक्षा आणि त्यामागून नोकरी, अशा तीन गोष्टी सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. त्याच कॉलेजांत कुंभाराचें चाक फिरत असेल, आणि अठरा वर्षांच्या मुलाशेजारीं सत्तरीची एखादी आजीबाई कोपरापर्यंत हात चिखलानें माखून बसली असेल, अशी कल्पना मात्र सहसा कोणी करीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांत हें दृश्य कित्येक वर्षांच्या परिचयाचें आहे. तेथील 'कम्युनिटी कॉलेज' या नांवाच्या सार्वजनिक संस्थांतून कुंभारकाम हा रीतसर विषय म्हणून शिकवितात. आणि असा विषय एकाच माणसानें किती वेळां शिकावा, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर २०१२ सालीं तेथील नियामक मंडळाला नियम करावा लागला. त्या नियमाची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

या संस्थांचा वंश फार जुना नाहीं. इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं हायस्कूलला जोडून पहिलें सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालें. कॅलिफोर्नियांत हायस्कुलांना पुढचे वर्ग चालविण्याची मुभा देणारा कायदा १९०७ मध्यें झाला आणि १९१० मध्यें फ्रेस्नो येथें त्याचें पहिलें फळ दिसलें. १९४४ च्या कायद्यानें लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चानें शिकण्याची सोय झाली. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळाच्या अहवालानें 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ केलें. पुढें १९६० च्या योजनेंत कॅलिफोर्नियानें असें ठरविलें कीं, विद्यापीठांनीं विद्यार्थी निवडून घ्यावेत, पण या कॉलेजांनीं शिकूं इच्छिणाऱ्यास दारांतून परत पाठवूं नये. १९८४ पर्यंत तेथें प्रवेशाची फीहि नव्हती. अशा मोकळ्या दारांतून जे लोक आंत आले, त्यांतील कांहीं थेट चाकापाशीं जाऊन बसले.

त्या चाकापाशीं शिकावयाचें असतें तरी काय? नवशिक्याची पहिली गांठ पडते ती चाकाच्या मध्यबिंदूशीं. मळून आंतली हवा काढलेला मातीचा गोळा फिरत्या चाकावर बरोबर मध्यावर आणावयाचा. तो केसभर जरी एका बाजूस राहिला, तरी वर चढणारी भिंत डुलूं लागते आणि शेवटीं कोलमडते. ही गोष्ट सांगावयास एक वाक्य पुरतें, हातांत यावयास मात्र महिने लागतात. भांडें उभें राहिलें, तरी तें सुकतांना व भाजतांना आकसतें. कित्येक मातींत हें आकसणें दहाव्या-आठव्या हिश्शाइतकें असतें. म्हणजे चहाचा पेला हवा असेल, तर हातानें त्याहून मोठा पेला घडविला पाहिजे. काठ लवकर सुकला आणि बूड ओलें राहिलें, तर तडा गेलाच म्हणून समजावें.

मग भट्टी. पहिली भाजणी सुमारें १,००० अंश सेंटिग्रेडपर्यंत होते. मातींत पाणी राहिलें असेल, तर त्याची वाफ होऊन भांडें फुटतें, आणि त्याचे तुकडे शेजाऱ्याच्या भांड्यावर उडतात. भट्टी सर्वांची सामाईक असल्यामुळें एकाच्या उतावळेपणाचा दंड दुसऱ्यास भरावा लागतो! ५७३ अंशांवर मातींतील गारेच्या कणांची घडण बदलते व ते एकाएकीं फुगतात. निवतांना त्याच ठिकाणीं आकसतात. म्हणून चढतांना आणि उतरतांना, दोन्ही वेळां, त्या टप्प्यावर सबुरी लागते. त्यानंतर झिलई. झिलई म्हणजे कांचच. पण नुसती गार वितळावयास सुमारें १,७०० अंश उष्णता लागेल, म्हणून तींत फेल्स्पार, खडू यांसारखीं द्रावक द्रव्यें घालतात, आणि ती ओघळून भट्टीच्या फळीस चिकटूं नये म्हणून थोडी चिनी माती. तांबें हवेशीर भट्टींत हिरवा रंग देतें, आणि भट्टींतील प्राणवायु कमी केला कीं तेंच तांबें लाल होतें. शाळेंत रसायनशास्त्राला भिऊन पळालेला मनुष्य येथें वाडग्याच्या बुडाशीं तेंच शास्त्र आवडीनें वाचतो.

उष्णता मोजण्याचें साधनहि पाहण्यासारखें आहे. जर्मनींत हेरमान झेगर यानें १८८६ सालीं मातीच्या मिश्रणाचे लहान शंकु तयार केले. अमेरिकेंत एडवर्ड ऑर्टन यानें १८९६ सालीं ओहायोंत ते करण्यास आरंभ केला. ठराविक उष्णता ठराविक वेळ लागली कीं शंकूची मान वांकते. दहा नंबरचा शंकु वांकला कीं भट्टी सुमारें १,३०० अंशांवर गेली असें धरतात. तापमापक यंत्र केवळ त्या क्षणाची उष्णता सांगतें. शंकु मात्र मातीनें किती सोसलें तेंहि सांगतो.

येथेंच वादाचें मूळ आहे. चाकावर चढलेलें भांडें सुकून, तासून, भाजून, झिलई लावून पुन्हां भाजून हातांत यावयास सहज दोन-तीन आठवडे लागतात. सत्र चार महिन्यांचें. म्हणजे झिलई कां ओघळली, बूड कां तडकलें, हें कळल्यावर ती चूक सुधारून पुन्हां पाहण्याची संधि एका सत्रांत पांच-सहा वेळांच येणार. इतिहासाचा विद्यार्थी तोच वर्ग दुसऱ्यानें घेऊं लागला, तर तो नापास झाला असावा असें म्हणतां येईल. कुंभारकामांत दुसऱ्या वेळीं येणारा विद्यार्थी बहुधा आतां कोठें शिकूं लागलेला असतो.

या वर्गांतून नुसते हौशी लोकच निघाले असेंहि नाहीं. केनेथ प्राइस हा १९५४ सालीं सांता मोनिका सिटी कॉलेजांत कुंभारकामाच्या वर्गास बसला. त्याच्या हातून पुढें जीं लहान, रंगीत, विलक्षण आकारांचीं कामें झालीं, त्यांनीं भांडें आणि शिल्प यांतील सीमारेषाच पुसून टाकली. रॉबर्ट आर्नेसन हा कॉलेज ऑफ मारिनमध्यें शिकला आणि नंतर कांहीं काळ सांता रोझा ज्युनिअर कॉलेजांत शिकविता झाला. १९६१ सालीं सॅक्रामेंटोच्या जत्रेंत लोकांना चाकावरचें काम दाखवीत असतां त्यानें एक बाटली घडविली, तिचें तोंड मातीच्या बुचानें कायमचें बंद केलें, आणि रिकाम्या बाटल्या परत न घेणाऱ्या पेयविक्रेत्यांप्रमाणें तिजवर 'परत नाहीं' अशा अर्थाचे शब्द उमटविले. कुंभाराच्या कामाला उपयोगाच्या जुवांतून सोडविणारी ती थट्टा होती.

प्राइस फेब्रुवारी २०१२ मध्यें वारला आणि त्याच वर्षीं लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयांत त्याच्या सर्व कामाचें प्रदर्शन भरलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत नियामक मंडळानें वरील नियम मंजूर केला. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर संस्थानची तिजोरी आटली होती. दर युनिटची फी २०११ सालीं २६ डॉलरवरून ३६ आणि २०१२ सालीं ४६ डॉलर झाली, आणि तरीहि हजारों तरुणांना गणिताच्या वा इंग्रजीच्या वर्गांत जागा मिळेना. अशा वेळीं चित्रकला, कुंभारकाम, व्यायाम यांचे वर्ग पुनःपुन्हां घेणाऱ्यांकडे बोट दाखविलें गेलें. २०१३ च्या शरद्-सत्रापासून असें झालें कीं, उत्तीर्ण झालेला असा वर्ग पुन्हां घेतां येऊं नये, आणि एकाच जातीचे वर्ग सगळे मिळून चारांहून अधिक होऊं नयेत.

मंडळाचा हिशेब खोटा नव्हता. ज्या मुलीला परिचारिका व्हावयाचें आहे तिची जागा अडवून कोणाच्या छंदासाठीं सरकारनें पैसा कां खर्चावा, या प्रश्नाला उडवून लावतां येत नाहीं. पण त्या हिशेबांत एक रक्कम मांडावयाची राहिली. भट्टी रचणें, झिलई कालविणें, धूळ उडूं नये म्हणून फरशी ओल्या फडक्यानें पुसणें (गारेची धूळ फुप्फुसांत साचली तर रोग जडतो), ही सारी कामें नव्यांना दाखवितो तो शेजारचा जुना विद्यार्थी. तो पगार न घेणारा दुसरा शिक्षकच असतो. त्याला वर्गाबाहेर काढल्यानें एक जागा रिकामी होते आणि एक शिक्षक कमी होतो.

महाराष्ट्रांतील कुंभारवाड्यांत हा प्रश्न उद्भवलाच नसता. कुंभाराचें पोर चालूं लागलें कीं माती तुडवूं लागतें. त्याच्या शिक्षणाला सत्र नाहीं आणि हजेरीपटहि नाहीं. मात्र त्या घरीं ज्याचा जन्म झाला नाहीं, त्याला चाकाला हात लावावयाची सोय तेथें फारशी नसे. कॉलेजानें जन्माची ती अट काढून टाकली; पण घराच्या अंगणांत जो वेळ फुकट मिळत होता, तो येथें कोणीतरी मोजून देणें आलें.

नियम झाल्यावर कॉलेजांनीं वाटा शोधल्या. एका वर्गाचे अनेक वर्ग झाले: हातानें घडविण्याचा निराळा, चाकाचा निराळा, झिलईचा निराळा. कोठें कोठें पूर्ण खर्च शिकणाऱ्यानेंच सोसावा असे खासगी धर्तीचे वर्ग निघाले. तेथें ज्याचा खिसा भरलेला, त्यालाच चाक मिळालें, आणि मोकळ्या दाराच्या मूळ कल्पनेला हाच सर्वांत मोठा धक्का होता. त्यांतल्या त्यांत बरी सोय झाली ती युनिट न देणाऱ्या वर्गांची. अशा वर्गांना फी नाहीं आणि पुनरावृत्तीची बंदी नाहीं; वृद्धांसाठीं तर त्यांत स्वतंत्र तरतूदच आहे. जेथें असे वर्ग निघाले, तेथें सत्तरीची आजीबाई पुन्हां चाकापाशीं आली. तिच्या नांवापुढें आतां युनिट चढत नाहींत; भट्टी उघडण्याच्या दिवशीं मात्र ती सर्वांआधीं दारांत उभी असते.