शेवटचे तीन दिवस

परदेशी जाऊन आलेला माणूस बहुधा पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो. विमान कसं होतं, उतरल्यावर काय पाहिलं, वगैरे. मी मात्र आज आमच्या प्रवासाच्या शेवटच्या तीन दिवसांविषयी बोलणार आहे. आणि गंमत अशी, की त्या तीन दिवसांत आम्ही जवळजवळ काहीच पाहिलं नाही.

आम्ही चौघे मित्र. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात एका बाकावर बसलेले. आबा रावेरकडचा केळीवाला, नाना कचेरीतून निवृत्त झालेला, भाऊ धुळ्याचा, आणि मी गणिताचा मास्तर. साठी उलटल्यावर ठरलं, एकदा समुद्रापलीकडे जायचं. श्रीलंका निवडली. मुंबईहून विमानाने अडीचएक तास, आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत. 2006 सालापासून तिथली आणि आपली वेळ एकच आहे.

कार्यक्रम मी आखला. मास्तरच तो! शाळेचं वेळापत्रक करावं तसे दिवसांचे तास पाडले. पाचव्या दिवशी सिगिरियाचा किल्ला. पाचव्या शतकात कश्यप राजाने या उंच खडकावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या. मध्ये कपारीत स्त्रियांची रंगीत चित्रं आहेत. ती पाहताच नाना ओरडला, ''अरे, ही तर आपल्या अजिंठ्याची!'' मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, ''पुढे चला, गाडी खाली उभी आहे.''

उतरताना भाऊचा गुडघा धरला. कँडीला पोहोचेपर्यंत तो टम्म सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन दिवस चढ-उतार नाही. म्हणजे चहाचे मळे गेले, गाल्लचा किल्ला गेला. खरं सांगतो श्रोतेहो, मला राग आला. पैसे भरलेले होते. मी बोललो नाही. पण भाऊला ते कळलं. ''तुम्ही तिघे जा,'' तो म्हणाला. त्यावर आबा खुर्ची ओढून बसला आणि अहिराणीत म्हणाला, ''घाई कसाले करस भो?''

मग तीन दिवस आम्ही कँडीच्या तळ्याकाठी बसलो. हे तळं कँडीच्या शेवटच्या राजाने, श्रीविक्रम राजसिंहाने, 1807 साली बांधून घेतलं. पुढे आठच वर्षांनी त्याचं राज्य इंग्रजांनी घेतलं. पलीकडच्या काठावर बुद्धाच्या दाताचं मंदिर. संध्याकाळी पूजेचे ढोल वाजत. आबा समोरच्या दुकानात टांगलेल्या केळीच्या घडांतून रोज एक वेगळी जात घेऊन येई. तिथे केळ्याला 'केसेल' म्हणतात. तो एकेक सोलून, चाखून, ''आपल्या केळ्याची सर नाही,'' असा निकाल देई आणि दुसरं सोलायला घेई. नाना पाण्यातली कासवं मोजी. मला दोन दिवस हात कुठे ठेवावे कळेना. तिसऱ्या दिवशी घड्याळ खोलीवरच राहिलं.

त्याच संध्याकाळी भाऊ बोलला. धुळ्यातलं घर विकायला काढलं होतं. ब्रिग्जसाहेबाने आखलेल्या त्या नंबरी गल्ल्यांपैकी एका गल्लीतलं, त्याच्या आजोबांचं घर. मुलाकडे बंगळूरला कायमचं जायचं ठरलं होतं. ''वर्षभर सांगायचं म्हणतोय,'' तो म्हणाला, ''पण तुम्ही भेटता तेव्हा सगळे निघायच्या घाईत असता.'' कोणी काही बोललं नाही. आबाने एक केळं सोलून त्याच्या हातात दिलं. ढोल थांबेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

सांगायची गोष्ट ही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत ती बातमी सांगायला त्याला जागा मिळाली नव्हती. ती माझ्या वेळापत्रकात नव्हती. मोडलेल्या वेळापत्रकात सापडली.

परत आल्यावर, भाऊचा गुडघा बरा झाल्यावर, आम्ही अजिंठ्याला गेलो. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. आलेल्या पाहुण्यांना दोन तासांत सगळी लेणी दाखवून आणण्यात माझी हयात गेली. या वेळी एकच लेणं पाहिलं, सतरावं. ज्या राजाने ते कोरवून घेतलं, त्याचं ऋषिक राज्य म्हणजे आपलं खानदेशच, असं काही विद्वान मानतात. त्या लेण्यात एक मोठी भिंत सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेची आहे. गलबत फुटून तो राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, पांढऱ्या घोड्यावर बसून सुटतो, आणि पुढे हत्ती-घोड्यांचं सैन्य घेऊन तेच बेट जिंकतो. ते बेट म्हणजे लंका. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या उंबऱ्यावर कोणी लंकेचा प्रवास रंगवून ठेवला होता, आणि तो नीट पाहायला आम्हाला लंकेला जाऊन यावं लागलं! भिंतीसमोर बसून भाऊने एकेक हत्ती बोटाने दाखवला.

भाऊ आता बंगळूरला असतो. धुळ्याला गेलो, की पांझरेच्या पुलावरून त्याच्या गल्लीकडे आपसूक मान वळते.

तेव्हा, श्रोतेहो, मित्रांबरोबर प्रवासाला निघाल तर पाहायचं ते जरूर पाहा. पण शेवटचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. कोणाचा गुडघा सुजण्याची वाट पाहू नका.