जाईची मोहरकी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सध्या काय चाललंय' यावर प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं असं ठरलं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढं सांगून माझं एका मिनिटात संपलं असतं. या सभागृहातले निम्मे जण तेच करतात. म्हणून मी माझ्या घोडीबद्दल बोलणार आहे. हसू नका! माथेरानच्या सहलीत घोड्यावर बसायला घाबरून अख्खी वाट पायी चाललेली मुलगी ती मीच.

मी अमेरिकेत नेव्हाडा राज्यात राहते. तिथल्या सरकारी माळरानांवर मस्टँग नावाचे रानटी घोडे आहेत. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि नंतरही माणसांच्या हातून सुटलेल्या घोड्यांचे हे वंशज. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. त्यासाठी नेव्हाडातल्याच वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि देशभरच्या शाळकरी मुलांनी पत्रं लिहिली. आता संख्या वाढली की कुरणं पुरत नाहीत, म्हणून सरकार काही घोडे पकडून दत्तक देतं. मोठ्या, हात न लागलेल्या घोड्यासाठी ६ फूट उंचीचं कुंपण आणि निदान ४०० चौरस फूट जागा लागते. वर्षभर नीट सांभाळलं तरच मालकीचा कागद मिळतो.

दोन वर्षांपूर्वी अशी एक चार वर्षांची घोडी मी आणली. नाव ठेवलं जाई. मानेच्या डाव्या बाजूला सरकारी खूण होती, बाकी माणसाचा तिच्याशी कसलाच संबंध नव्हता. ट्रेलरमधून उतरली ती थेट लांबच्या कोपऱ्यात जाऊन फुरफुरत उभी राहिली.

खरी अडचण होती खुरांची. माळावरच्या दगडधोंड्यांत खूर आपोआप झिजतात. बंद आवारात ते वाढत जातात, वेळेवर कापले नाहीत तर जनावराला नीट चालता येत नाही. नालबंद म्हणाला, "पाय उचलू देईल तेव्हा बोलवा." मी आपली इंजिनीअर. तक्ता बनवला. पाचव्या दिवशी स्पर्श, दहाव्या दिवशी मोहरकी.

दहाव्या दिवशी साडेपाचला माझी मीटिंग होती. त्याआधी उरकायचं म्हणून मोहरकी हातात घेऊन मी सरळ तिच्यावर चालून गेले. ती कोपऱ्यात अडकली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि कुंपणाच्या लोखंडी पट्टीवर आपटली. डोळ्याच्या वर कातडी सोलवटली. डोळा वाचला, पण जखमेला औषध लावायचं तर हात लावता येत नव्हता. मी बाहेर उलट्या बादलीवर बसून रडले. नवरा म्हणाला, "परत देऊन टाकू. तुझ्या हौसेपायी तिचे हाल नकोत." तो चुकीचं बोलत नव्हता.

मी आठ दिवस मागितले आणि तक्ता पुसून टाकला. रोज गवत घालून तिथेच बादलीवर बसायचं, बाकी काही करायचं नाही.

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. समोरून नजर रोखून येणारा प्राणी म्हणजे त्याच्या लेखी शिकारी. म्हणून खांद्याच्या बाजूने, तिरकं, जमिनीकडे बघत जायचं. तिने मान वळवून आपल्याकडे पाहिलं की आपण एक पाऊल मागे यायचं. ते मागे येणं हेच तिचं बक्षीस. जनावर दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाला शिकतं. सोडायला उशीर केला तर ते भलतंच शिकतं.

आधी लांब बांबूच्या टोकाने स्पर्श केला. मग आयाळ संपते तिथे हाताने खाजवलं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. डाव्या बाजूने जमलेलं सगळं उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. मग मानेवरून नुसता दोर सरकवायचा आणि काढायचा. एक्केचाळिसाव्या दिवशी तिने स्वतःहून नाक मोहरकीत घातलं. मी बक्कल लावलं, लगेच काढलं आणि त्या दिवसापुरतं थांबले. पुढे दोर हलकासा ताणायचा आणि वाट बघायची. तिने नुसता भार पुढच्या पायावर टाकला तरी दोर सैल सोडायचा. नवव्या आठवड्यात नालबंद आला. पहिल्या दिवशी एकच खूर कापून झाला. मला तो पुष्कळ होता.

आता हे सगळं इथे का सांगते आहे? तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, मी बोलताना अडखळायचे. आठवीत धडा वाचायला उभी राहिले की एखाद्या शब्दावर गाडी थांबायची आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघायचा. काही जण हसायचे. त्यांतले दोघे आज जेवणाची व्यवस्था बघताहेत, म्हणून नावं घेत नाही. अशा वेळी मराठीच्या बाई वळून फळा पुसायला लागायच्या. फळा आधीच स्वच्छ असायचा. त्यांची नजर बाजूला झाली की माझा शब्द सुटायचा. "हं, पुढे," एवढंच त्या म्हणायच्या, तेही पाठमोऱ्या.

बाईंना फळा स्वच्छ ठेवायची फार आवड आहे, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. त्या काय करत होत्या ते मला बादलीवर बसल्यावर, चाळिशी उलटल्यावर कळलं.

जाईचा मालकीचा कागद मागच्या वर्षी आला. निळी ताडपत्री दिसली की ती अजूनही बुजते. मीही मघाशी दोनदा अडखळले, तुमच्या लक्षात आलं असेल. बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. दोन्ही वेळा त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

बाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते. धन्यवाद.