गोलंदाजाचा दुसरा जन्म



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेव्हा आज आम्ही एका गोलंदाजाविषयी बोलणार म्हटल्यावर आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. “क्रिकेटवर व्याख्यान ते काय द्यायचे? ते पाहायचे असते,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु जे पाहायला मिळते त्याविषयी आम्हांला आज बोलायचेच नाही. गोलंदाज मैदानावर नसतो, घरी पाय उशीवर ठेवून पडलेला असतो, वर्तमानपत्रे त्याच्या जागी कोण येणार याची चर्चा करीत असतात, त्या दिवसांविषयी बोलायचे आहे. ते दिवस तिकीट काढून पाहता येत नाहीत. पण गोलंदाजाचे पुढचे आयुष्य तेच ठरवतात.

अमरावतीत शरीराविषयी बोलायला संकोच वाटू नये. हे गाव हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेल्या त्या रोपट्याचा पुढे एवढा विस्तार झाला, की १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मंडळींनी तिथे जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. शरीर कसे कमवावे हे या गावाला शिकवायला नको. पण कमावलेले शरीर दगा देते तेव्हा काय करावे, हा प्रश्न मात्र आपण अजून पुरता विचारलेला नाही.

आधी गोलंदाजाच्या कष्टाचा हिशेब पाहू. जलद गोलंदाज वीसपंचवीस पावले धावत येतो आणि पुढचा पाय ताठ करून जमिनीवर आपटतो. त्या एका क्षणी त्याच्या शरीराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक भरतो. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली, एका अंगाला कललेली आणि पिळलेली असते. कसोटीच्या एका दिवसात वीस षटके टाकायची म्हणजे हा प्रकार एकशेवीस वेळा करायचा. घोटा, गुडघा, मांडीमागचा स्नायू, कंबरेचे मणके आणि खांदा या सर्वांना आपापला वाटा उचलावा लागतो. त्यांतला एक जरी थकला, तरी त्याचे ओझे शेजाऱ्यावर पडते. हे एकत्र कुटुंबासारखेच आहे. एकाने अंग काढले की दुसऱ्याची कंबर मोडते.

हे दुखणे फक्त क्रिकेटचे नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो धावत येत नाही, उभ्याउभ्याच हात वाकवून चेंडू फेकतो. त्यामुळे त्याचे सारे ओझे कोपरावर येते. टॉमी जॉन नावाचा एक डावखुरा पिचर होता. १९७४ च्या जुलै महिन्यात एका सामन्यात त्याच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध तुटला. तोवर या दुखापतीचा अर्थ एकच होता: खेळ संपला. त्याचे वय एकतीस होते. फ्रँक जोब नावाच्या शल्यविशारदाने त्याच्या उजव्या हातातली एक बारीक कंडरा काढली, जिच्यावाचून हाताचे काही अडत नाही अशी, आणि डाव्या कोपरात हाडांना छिद्रे पाडून ती ओवली. यश येण्याची आशा शंभरात एक, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. १९७५ चा सगळा हंगाम तो खेळला नाही. १९७६ मध्ये तो परत आला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज त्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांचे नव्हे, तर रुग्णाचे नाव आहे! आमच्या मते ते योग्यच झाले. कारण डॉक्टरांचे काम काही तासांचे होते, रुग्णाचे काम दीड वर्षाचे.

क्रिकेटमध्ये हीच तपश्चर्या ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने केली. १९७३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याच्या कंबरेच्या मणक्यांना चिरा गेल्या. कित्येक आठवडे तो प्लास्टरमध्ये जखडून होता. नंतर त्याने शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाच्या देखरेखीखाली पाठीचे आणि पोटाचे स्नायू नव्याने बांधले, आपल्या गोलंदाजीची ढबही सुधारून घेतली. १९७४-७५ च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध तो उतरला आणि त्या मालिकेत त्याने २५ बळी घेतले. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३५५ कसोटी बळी होते आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

लिलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. कारण हाच लिली पुढे मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतीय मुलांना शिकवू लागला, आणि त्या मुलांत आपल्या महाराष्ट्रातला, नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा एक डावखुरा मुलगा होता. झहीर खान त्याचे नाव. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुलाने इंजिनिअर व्हावे असा बेत होता. पण सतराव्या वर्षी तो मुंबईला आला आणि नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाती लागला. तिथून मद्रास, मद्रासहून बडोदा, आणि २००० च्या नोव्हेंबरात ढाक्याला भारताकडून पहिली कसोटी.

तरुण झहीर म्हणजे लांब धाव, उंच उडी आणि भरपूर वेग. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यातले त्याचे पहिले षटक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अंगात इतका आवेश होता की चेंडू हातात राहीना. त्या एका षटकात १५ धावा गेल्या आणि सात षटकांत ६७. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेनला त्याने पाच बळी घेतले खरे, पण मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो दौरा हातचा गेला. मग बरे होणे, परत येणे, पुन्हा दुखावणे असे रहाटगाडगे सुरू झाले. २००६ साली तो संघाबाहेर गेला, आणि इरफान पठाण, श्रीशांत, रुद्रप्रताप सिंग अशी ताज्या दमाची मुले दारात उभी होती.

त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला. तिथे भारतातली गर्दी नव्हती, टाळ्या नव्हत्या. होते ते रोजचे काम. सामना संपला की दुसरा सामना, आणि शरीर पुरवून वापरले नाही तर हंगाम पार पडायचा नाही. या एकांतात त्याने धाव आखूड केली. ती उंच उडी कमी केली. वेग थोडा सोडला आणि त्याच्या बदल्यात चेंडूवरचा ताबा घेतला. यष्टीच्या दुसऱ्या बाजूने टाकणे, जुना चेंडू उलटा वळवणे, फलंदाजाचे पाय वाचणे या गोष्टी त्याने घोटल्या. त्या हंगामात त्याने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात १३८ धावांत ९.

श्रोतेहो, आमच्या बोलण्याचे सार या एका गोष्टीत आहे. दुखापतीतून परत येणे म्हणजे पूर्वीसारखे होणे नव्हे. पूर्वीसारखे होण्याचा हट्ट धरणारा गोलंदाज पुन्हा त्याच जागी मोडतो. परत येणारा माणूस वेगळा असतो. शरीराने काय परत घेतले आणि काय शिल्लक ठेवले, याची चोख मांडणी करून जो शिल्लक भांडवलावर नवा धंदा उभारतो, तोच परत येतो. कापसाच्या भावाचा आणि पावसाचा फटका खाल्लेल्या आपल्या वऱ्हाडाला हे गणित समजावून सांगावे लागू नये.

त्यानंतरचा झहीर जगाने पाहिला. २००६ च्या डिसेंबरात भारताने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळवला, त्या संघात तो होता. २००७ साली नॉटिंगहॅमला त्याने सामन्यात नऊ बळी घेतले आणि भारताने एकवीस वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. मालिकेचा मानकरी तोच. २०११ च्या विश्वचषकात त्याचे बळी २१, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत अधिक. त्या स्पर्धेत त्याने एक नवीन चेंडू काढला होता. बोटे दुमडून त्यांच्या पेरांच्या आधाराने चेंडू धरायचा, म्हणजे हात वेगाने फिरतो पण चेंडू मंद येतो. अहमदाबादला ऑस्ट्रेलियाचा माइक हसी त्याच चेंडूवर त्रिफळाबाद झाला. हा ‘नकल बॉल’ मूळचा अमेरिकेतल्या पिचरांचा. वेग हे ज्यांचे भांडवल उरले नव्हते, अशा कितीतरी पिचरांना त्याने आयुष्याची बरीच वर्षे जगवले. श्रीरामपूरच्या मुलाच्या बोटांत तो येऊन बसला, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. अंतिम सामन्यात तर त्याची पहिली तिन्ही षटके निर्धाव गेली. जोहान्सबर्गचे ते पहिले षटक आणि मुंबईची ही तीन षटके यांच्यामध्ये आठ वर्षे आहेत. त्यांतले कितीतरी दिवस उपचारांच्या खोलीत गेले.

पण आम्ही इथेच थांबलो तर ती परीकथा होईल. विश्वविजयाला चार महिने होण्याच्या आतच, २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर, दोन बळी घेतलेल्या झहीरने आपल्या चौदाव्या षटकाच्या मध्यावर मांडी धरली आणि तो मैदानाबाहेर गेला. तो गेला आणि ती मालिकाही भारताने चार-शून्य अशी गमावली. मग घोट्याची शस्त्रक्रिया. त्याच डिसेंबरात मेलबर्नला तो उभा होता आणि पहिल्या डावात त्याने चार बळी घेतले. पुन्हा घसरण, पुन्हा तयारी. २०१३ साली फ्रान्समध्ये जाऊन त्याने अंग गाळले, जोहान्सबर्गला तीनशेवा कसोटी बळी घेतला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला अखेरची कसोटी खेळला. ९२ कसोट्या, ३११ बळी. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा भारताच्या जलद गोलंदाजांत कपिल देवांनंतर त्याचाच क्रमांक होता. दुखापतीवर त्याने कायमचा जय मिळवला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने तिच्याशी संसार केला.

आता जरा घराकडे वळू. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव हा नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नला त्याची पोटरी दुखावली आणि तो संघाबाहेर गेला. पुढच्या सप्टेंबरात ओव्हलवर त्याला पुन्हा संधी मिळाली, तेव्हा चौतिसावे वर्ष पुरे होत आले होते. त्याने सामन्यात सहा बळी घेतले आणि भारत १५७ धावांनी जिंकला. विदर्भाने २०१७-१८ साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे हा तरुण जलद गोलंदाज पहिलाच रणजी सामना खेळत होता. म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीत जलद गोलंदाज पिकतो, हे आता सिद्ध झाले आहे. प्रश्न एवढाच, की पिकलेला माल आपण सांभाळतो काय?

आमच्या पाहण्यातला एक मुलगा होता. अकोल्याचा, नाव सांगत नाही. सतरा वर्षांचा, उंच, हातात नैसर्गिक वेग. सकाळी कॉलेजच्या संघाकडून, दुपारी क्लबकडून आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री दिव्यांखाली टेनिस चेंडूच्या स्पर्धेत, असा तो तिन्ही त्रिकाळ गोलंदाजी करी. जो तो त्याला आपल्या संघात ओढी. कंबर एका बाजूला दुखू लागली तेव्हा कुणी तेल चोळले, कुणी शेक दिला, कुणी पट्टा बांधला. “एवढा अंतिम सामना टाक, मग आराम कर,” असे सारे म्हणाले. आम्हीही त्या साऱ्यांत होतो. त्याने सामना जिंकून दिला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. त्यानंतर तो मुलगा पुन्हा वेगाने चेंडू टाकू शकला नाही. मणक्याला चीर गेली होती आणि ती चीर घेऊनच आम्ही त्याला धावायला लावले होते.

वाढत्या वयातल्या मुलाचे हाड कच्चे असते. कंबरेचे मणके विशी येईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही पक्के होत राहतात. या वयात पाठीचे दुखणे दोनचार दिवसांत थांबले नाही, तर ते चोळून घालवायचे नसते, तपासून घ्यायचे असते. आणि त्यावरचे खरे औषध महाग नाही. ते आहे विसावा, काही महिन्यांचा, मोजलेला. आणि त्यानंतर हळूहळू वाढवलेले काम. मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले हे वहीत लिहून ठेवायला पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. पण ती वही ठेवणार कोण? क्लब म्हणतो कॉलेज ठेवील, कॉलेज म्हणते घरचे ठेवतील. घरच्यांना तर मुलगा तिन्हीकडे खेळतो याचाच अभिमान!

टॉमी जॉनला डॉक्टर मिळाला, लिलीला शिक्षक मिळाला, झहीरला वूस्टरचा निवांत उन्हाळा मिळाला. त्या तिघांची जिद्द मोठी होती यात शंका नाही. परंतु जिद्द आमच्या मुलातही कमी नव्हती. त्याला थांबण्याची मुभा मिळाली नाही, एवढाच फरक. म्हणून आपल्याला आमचे एकच मागणे आहे. उद्या आपल्या मुलाने, पुतण्याने, शेजारच्या पोराने “काका, पाठ दुखते, आज टाकत नाही” असे म्हटले, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या हातातला चेंडू घ्या, त्याला मांडवाच्या सावलीत बसवा आणि सामना हरायची तयारी ठेवा.